शून्याभोवती अर्धी प्रदक्षिणा

“म्हणजे आत कोणीच नाही?”

“कोणीच नाही, नाना.”

“बघितलंस?”

“बघायची गरजच नाही. मोजलंय.”

नानांनी सुपारीचं खांड या गालातून त्या गालात सारलं आणि म्हणाले, “हं.”

गिरिधर कोटगिरेला या ‘हं’ची जुनी चीड होती. विद्यार्थी होता तेव्हापासून तो नानांसमोर उत्तरं ठेवत आला होता. देशोदेशीच्या पंडितांनी त्या उत्तरांवर माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, शाली घातल्या. नानांनी मात्र कधी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. हं.

आज ‘हो’ घेतल्याशिवाय ओवरीची पायरी उतरायची नाही, असं ठरवूनच तो आला होता.

नाना अंबेकर कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक मुलांकडे जातात, नाहीतर डॉक्टरकडे. नाना शिळेश्वराच्या देवळात आले आणि ओवरीत सतरंजी टाकून बसले. हेमाडपंती देऊळ, पुढे नंदी, मागे नदी. गावकऱ्यांनी महिनाभर वाट पाहिली, की हा बुवा अंगारा देईल, धागा देईल, निदान कुणाची गाय हरवली तर दिशा तरी सांगेल. बुवा काहीच देईना. मोठमोठ्या पदव्यांची माणसं लांबून येत, त्याच्यासमोर दगडावर मांडी घालून बसत आणि जाताना पायांना मुंग्या घेऊन जात.

एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, “बुवा, तुमी शोधता तरी काय?”

“शून्य,” नाना म्हणाले.

तेव्हापासून ते शून्यबुवा झाले. गावाचं समाधान झालं. ज्याला काही मिळत नाही तोच खरा साधू, असा आपल्याकडे नियमच आहे.

तर गिरिधर मांडी बदलून म्हणाला, “नाना, संध्याकाळच्या आत मला पक्कं उत्तर कळवायचंय. तुम्ही एकदा हो म्हणा.”

“कुणाला कळवायचंय?”

“वेधशाळेला. इनामदार वाट बघतायत.”

“काय हवंय त्यांना?”

गिरिधरने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरासा वर गेला, कारण गोष्टच तशी होती.

फार लांब, आपल्या आवाक्याच्या पलीकडे, एक तारा भडकला होता. विझण्याआधी तारे भडकतात, दिव्यासारखेच. त्याच्या आणि आपल्या मध्ये दीर्घिकांचा एक थवा होता. हा थवा इतका जड की शेजारून जाणारा उजेड वाकायचा. उजेड म्हणजे सरळमार्गी, अशी आपली समजूत. पण वजनदार माणसाच्या दारावरून जाताना भलेभले वाकतात, तिथे उजेडाचं काय घेऊन बसलात. कोणता किरण इकडून वाकून येतो, कोणता तिकडून. मग एकच तारा आकाशात दोन-दोन, चार-चार ठिकाणी दिसतो.

“आणखी कुठे दिसेल, हा प्रश्न आहे,” गिरिधर म्हणाला. “थव्याच्या कडेला आकाशाचे दोन तुकडे आहेत. एक उत्तरेला, एक पूर्वेला. दुर्बीण एका रात्रीपुरतीच मिळालीय, तीही आजची. एकाच तुकड्याकडे वळवता येईल. उद्या परवा तारा विझेल.”

“मग?”

“इनामदारांना वाटतंय पूर्वेकडे बघावं. मी म्हणतो पूर्वेचा तुकडा रिकामा आहे. माझ्या शब्दावर ते उत्तरेला बघतील.”

“तुझ्या शब्दावर.”

“हो.”

“आणि शब्द चुकला तर?”

गिरिधर हसला. “माझा?”

नानांनी खांबाला पाठ टेकली. गाभाऱ्यातून अभिषेकाच्या पाण्याचा आवाज येत होता. थेंब पडे, मग गप्प, मग पुन्हा थेंब.

“कसं मोजलंस ते सांग,” नाना म्हणाले. “मला पहिल्यापासून सांग. म्हातारा झालो, विसरलो.”

नाना काही विसरलेले नव्हते. पण गुरूने विसरलो म्हटलं की शिष्याची छाती दोन बोटं फुगते, आणि फुगलेल्या छातीतून खरं लवकर बाहेर पडतं.

“सोपं आहे,” गिरिधर म्हणाला. “थवा कुठे कुठे किती जड आहे त्यावरून एक राशी मांडायची. एका बहुपदीला दुसरीने भागायचं. त्या भागाकाराचं आरशातलं रूप घ्यायचं. मग आपण ज्या जागी उभे आहोत त्यातून ते वजा करायचं, ताऱ्याची खरी जागाही वजा करायची. प्रत्येक जागी एक बाण मिळतो. इकडे उभं राहिलं तर बाण असा, तिकडे उभं राहिलं तर तसा. जिथे बाणाची लांबी शून्य होते, तिथे तारा दिसतो.”

“शून्य होतं तिथे दिसतो?”

“हो.”

“आणि बाण असतो तिथे?”

“तिथे काही दिसत नाही.”

नानांनी डोळे मिटले. जरा वेळाने हात जोडले. कुणाला जोडले ते गिरिधरला कळलं नाही. देवाकडे तर त्यांची पाठ होती.

“पुढे,” नाना म्हणाले.

“पुढे शून्यं मोजायची. आत शिरून एकेक जागा तपासत बसलो तर जन्म जाईल, जागा कधी संपणारच नाहीत. म्हणून आत जायचंच नाही. तुकड्याच्या कडेकडेने चालायचं. हातात बाण धरायचा आणि चालता चालता तो कसा वळतो ते बघायचं. एक फेरी पूर्ण झाली की बाण जिथे होता तिथेच येतो. मधल्या काळात त्याने स्वतःभोवती किती गिरक्या घेतल्या, तितकी आत शून्यं.”

“वेशीवरून चालायचं आणि गावात किती माणसं ते सांगायचं.”

“अगदी.”

“गावात पाऊल न टाकता.”

“तीच तर गंमत आहे, नाना.”

“गंमत कसली,” नाना पुटपुटले. “अंगावर काटा येतो रे. अजून येतो.”

आणि खरंच त्यांच्या हातावरचे पांढरे केस उभे राहिले होते. गिरिधरने ते बघितलं आणि नजर वळवली. त्याच्या अंगावर बरीच वर्षं काटा आला नव्हता. आता ते काम त्याचं यंत्र करायचं. म्हणजे मोजायचं काम. काटा यंत्राला येत नाही.

“मग तू चाललास.”

“चाललो. डावीकडे वळत, आतला भाग डाव्या हाताला ठेवून.”

“देवाला तर उजव्या हाताला ठेवतात.”

“गणितात उलटं असतं.”

गाभाऱ्याच्या दारातून एक आवाज आला, “उलटा फेरा सरनाला घालत्यात.”

सोनाबाई गुरवीण बाहेर आली. देवाची पूजा तिच्या घराकडे होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच ती करायची, आणि देवळातल्या प्रत्येक बोलण्यात आपला वाटा आहे असं धरून चालायची. हातातला पितळी तांब्या तिने पायरीवर ठेवला आणि पदराला हात पुसले.

“सोनाबाई,” नाना म्हणाले, “हे प्रोफेसर. वेशीवरून चालून आत कोण आहे ते सांगतात.”

“आमची सासू बी सांगायची,” सोनाबाई म्हणाली. “दारातून जाताना नुसता वास घेतला की कुनाच्या घरात काय शिजतंय ते बोलायची. गावानं ओवाळून टाकली हुती तिला.”

गिरिधरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. “नाना, फेरी पूर्ण केली. गिरक्यांची बेरीज शून्य आली. नेमकी शून्य. म्हणजे तुकडा रिकामा.”

“हं.”

“आता तरी हो म्हणा.”

“प्रदक्षिणा घालून ये.”

“काय?”

“देवाला प्रदक्षिणा घालून ये. आल्यापासून नमस्कारही केला नाहीस. मग बोलू.”

गिरिधरने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग सूर्याकडे. दोघेही त्याच्या विरुद्ध होते. पण नाना डोळे मिटून बसले होते आणि मिटलेल्या डोळ्यांशी वाद घालायची सोय नसते. तो उठला. बूट काढले. देवावर त्याचा विश्वास नव्हता, पण गुरूवर राग होता, आणि रागाच्या भरात माणूस प्रदक्षिणासुद्धा झपझप घालतो.

देवाच्या उजव्या अंगाने निघाला. मागे वळला. दगड तापलेले होते, पाय भाजत होते. मागची बाजू ओलांडून तो डाव्या अंगाला आला आणि तिथे त्याने पाऊल उचललं, तोच सोनाबाईचा आवाज आला.

“अवं मास्तर, पाय माघारी घ्या. वलांडू नका.”

तो एका पायावर थांबला. समोर दगडी पन्हळ होती. पिंडीवरचं पाणी गाभाऱ्यातून जिथे बाहेर पडतं, ती. पाण्याची बारीक धार खाली शेवाळावर पडत होती.

“शंकराची पन्हळ वलांडायची नसती. शिकल्याली मानसं, एवढं बी ठावं न्हाई?”

“मग पुढे कसं जायचं?”

“जायचंच न्हाई. आल्या वाटंनं माघारी फिरायचं. शंकराला अर्धीच असती.”

लहानपणी आजोळी असताना हे त्याला ठाऊक होतं. मधल्या काळात तो इतकं शिकला होता, की ते विसरायला जागा करावी लागली होती. तो पाय मागे घेऊन वळला. देवाच्या पाठीमागून, उजव्या अंगाने, जसा गेला तसाच उलटा आला आणि नानांसमोर उभा राहिला. तळवे चांगलेच भाजले होते.

“घातलीस?” नानांनी डोळे न उघडता विचारलं.

“घातली.”

“देवाभोवती किती फिरलास?”

“पन्हळीपर्यंत गेलो, तेवढाच परत आलो.”

“बेरीज?”

“बेरीज काय… जेवढा गेलो तेवढा आलो. शून्य.”

“मग आत कोणी नाही?”

…

थेंब पडला. गप्प. पुन्हा थेंब.

गिरिधर हसला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. “नाना, हे वेगळं. ही रूढी आहे. मी वेढाच पूर्ण केला नाही. मधून परतलो, म्हणून शून्य. आणि माझा तिथला वेढा पूर्ण आहे. मी सगळ्या कडेने चाललोय, कुठेही परतलो नाही.”

“तू परतला नाहीस.”

“नाही.”

“आणि बाण?”

“बाण…”

“तू चालत होतास तेव्हा बाण कसा वळत होता? एकसारखा एकाच बाजूला?”

गिरिधरने आठवून बघितलं. चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. यंत्राच्या पडद्यावर त्याने ते बघितलं होतं, पण बेरीज शून्य आल्यावर कोण पुन्हा बघतो. हॉटेलातलं बिल बरोबर आलं की काय काय खाल्लं ते आपण तरी आठवत बसतो का.

“नाही,” तो सावकाश म्हणाला. “तुकड्याच्या पश्चिम कडेला डावीकडे वळत गेला. जवळजवळ पूर्ण गिरकी. मग पूर्वेच्या कडेला… उलट फिरला. उजवीकडे. होता तिथे आला.”

“का रे परतला?”

…

“का परतला, गिरिधर? त्याला कुणाची पन्हळ आडवी आली?”

गिरिधर खाली बसला.

गोष्ट एवढीच होती. साध्या बहुपदीत प्रत्येक शून्य बाणाला एकाच बाजूला वळवतं. सगळी एका शाळेची, एका रांगेतली. त्यामुळे गिरक्या मोजल्या की शून्यं मोजली. जन्मभर त्याने हेच केलं होतं. पण या राशीत आरसा होता. त्याने स्वतःच्या हाताने तो घातला होता. आणि आपण उजवा हात वर केला की आरशातला माणूस डावा वर करतो. आरशाच्या बाजूची शून्यं बाणाला उलटी गिरकी देतात. एक सरळ शून्य आणि एक उलटं शून्य शेजारी शेजारी बसलेली असली, की एकाची गिरकी दुसरं पुसून टाकतं. वेशीवरून चालणाऱ्याला वाटतं गाव ओस आहे.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. हे त्याने शिकवलं होतं, फळ्यावर लिहून. परीक्षेत विचारून पोरांना नापासही केलं होतं. ज्ञान डोक्यात राहिलं आणि सवय हातात राहिली. आणि घाई असली की माणूस डोक्याला विचारत नाही.

“नाना…” तो म्हणाला.

नानांनी डोळे उघडले.

गिरिधरने पिशवीतून यंत्र काढलं आणि मांडीवर घेतलं. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून सोनाबाईने काही न विचारता आपलं जुनं घोंगडं ओवरीच्या कमानीला अडकवलं.

त्याने पूर्वेच्या तुकड्याच्या मधून एक भिंत घातली. गुरं कोंडायला असतात तसे एकाचे दोन वाडगे झाले. मग आधी पश्चिमेच्या वाडग्याच्या कडेने चालला. यंत्र चाललं, म्हणजे तोच चालला. कितीतरी वर्षांनी तो पडद्यावरच्या बाणाकडे तसूभरसुद्धा नजर न हलवता बघत होता.

बाण डावीकडे वळला. वळत राहिला. भिंतीशी आला, भिंतीच्या कडेने उतरला, आणि कुठेही माघारी न फिरता गिरकी पूर्ण करून थांबला.

एक.

गिरिधर पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

मग पूर्वेचा वाडगा. बाण उजवीकडे वळला. वळत राहिला. त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाने वर चढला आणि उलटी गिरकी पूर्ण करून थांबला.

उणे एक.

सगळं गाव ओस म्हणून त्याने वेधशाळेला सांगायला घेतलं होतं, आणि गावात दोघं जण होते. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, पाठीला पाठ लावून. कधीपासून होते कोण जाणे. तो सगळ्या कडेने खुशाल चालून गेला, आणि ते दोघं श्वास रोखून आत बसून राहिले.

त्याच्या हातावर काटा उभा राहिला. मग मानेवर. मग कुठे कुठे.

“सापडलं का हारवल्यालं?” सोनाबाईने त्याच्याजवळ चहाची कपबशी ठेवत विचारलं.

“हरवलं नव्हतं,” गिरिधर म्हणाला. नजर त्याने पडद्यावरून उचलली नाही.

त्याने वाडगे पुन्हा कापले. ज्या अर्ध्यात गिरकी होती तो ठेवला, दुसरा सोडला. पुन्हा कापला. जागा आकसत गेली, अंगणाएवढी झाली, मग ताटाएवढी, मग थेंबाएवढी. दोन्ही बाजूंनी तो थेंबापर्यंत आला. तिथे बाण इतका लहान झाला होता की तो आहे की नाही ते यंत्रालाही सांगता येईना. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

सूर्य शिखराच्या आडोशाला गेला होता.

“नाना, मी फोन करून येतो.”

“नंदीच्या मागे जा,” नाना म्हणाले. “इथे लागत नाही.”

सगळ्या देवळात फोन फक्त नंदीच्या वशिंडापाशी लागायचा. गावातली माणसं नंदीच्या कानात नवस सांगायची आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून व्याह्यांशी भांडायची. नंदी दोन्ही सारख्याच शांतपणे ऐकायचा. गिरिधर तिथे जाऊन उभा राहिला. ओवरीपर्यंत त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“इनामदार, पूर्वेकडे वळवा… हो, पूर्वेकडेच… सकाळी मी रिकामं म्हणालो होतो, हो… चुकलो.”

पलीकडे बहुधा इनामदारांना ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू गेलं ते खरं वाटलं नाही.

“चुकलो म्हटलं. मी. मोजताना… हो, जागा सांगतो, घ्या लिहून.”

त्याने दोन्ही जागा सांगितल्या. आकडे दोनदा वाचले. मग पलीकडून काहीतरी लांबलचक प्रश्न आला.

“दोन सापडले. एक सरळ, एक उलटा… आणखी? आणखीही असतील. अशा जोड्या बेरजेत दिसत नाहीत ना… नाही, ते मला ठाऊक नाही.” तो थांबला. मग पुन्हा म्हणाला, जणू चव घेऊन बघत होता, “ठाऊक नाही. तुम्ही बघाल तेव्हा कळेल.”

फोन खिशात ठेवल्यावर तो लगेच वळला नाही. पूर्वेकडे बघत राहिला. अजून तिथे काहीच नव्हतं. शेतांपलीकडचं निळं मळकट आभाळ, त्यात घरी चाललेले बगळे. त्याच आभाळाच्या मागे कुठेतरी एक उजेड निघाला होता, माणूस नव्हता तेव्हा निघाला होता, आणि वाटेत त्याच्या दोन वाटा झाल्या होत्या, एक सरळ तोंडाची आणि एक आरशातली. आणि त्या दोन्ही आता इथवर येऊन पोचल्या होत्या. कुणी बघो वा न बघो. तो फक्त ‘कोणी नाही’ म्हणाला असता, आणि दुर्बीण दुसरीकडे बघत राहिली असती.

तो ओवरीत परत आला. नानांच्या पायांपाशी बसला. ‘हो’ मागायचा होता, ते त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

सोनाबाई घोंगडं काढून घडी घालत होती. “दोन घावली म्हनं.”

“हो. दोन.”

“दोन तारं?”

“नाही बाई, तारा एकच. दिसतो दोन ठिकाणी. एकदा सुलटा, एकदा आरशात दिसतो तसा.”

“मंग त्यातला खरा कंचा?”

गिरिधरने तोंड उघडलं. उत्तर त्याच्याजवळ होतं. तासभर बोलता येईल असं, आकृत्यांसकट. त्याने बोट उचललं, आकृती काढायला म्हणून, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं… सुलटा खरा म्हणावा, तर तो तारा तिथे नव्हता. उलटा खरा म्हणावा, तर तिथेही नव्हता. जिथे तारा खरोखर होता त्या जागी बघितलं, तर बाण होता. तिथे काहीच दिसत नव्हतं.

बोट खाली आलं.

“नाना,” तो हळूच म्हणाला, “कुठला खरा?”

गाभाऱ्यात थेंब पडत होता. सोनाबाई घडी अर्धी ठेवून उभी राहिली.

“सरळ वाटेने त्यातला एकही आला नाही,” नाना म्हणाले.

…

मग त्यांनी सुपारी थुंकली, गिरिधरच्या भाजून लाल झालेल्या तळव्यांकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा हसले.

“तू तरी कुठे आलास?”